दगडाला ओल्यासारखी चमक घरच्या घरी: दगड निवडण्यापासून शेवटच्या पॉलिशपर्यंत

नदीत हात घालून उचललेला गोटा ओला असताना काय सुंदर दिसतो, लाल-पिवळे पट्टे, आतून उजेड आल्यासारखा रंग, आणि तोच घरी आणून वाळला की नुसता भुरकट. मग बरेच जण दोनपैकी एक काहीतरी करतात. एक तर थेट वार्निश मारतात, नाहीतर १००० किंवा २००० नंबरचा बारीक पॉलिश पेपर आणून हात दुखेपर्यंत घासतात आणि दगड होता तसाच राहतो. दोन्हीकडे चूक एकच, सुरुवातीचं जाड काम कोणालाच करायचं नसतं आणि चमक मात्र तिथेच ठरते.

आधी एवढं समजून घ्या. वाळलेल्या दगडाच्या अंगावर लाखो बारीक खळगे आणि चरे असतात, त्यांच्यावर पडलेला उजेड चहूबाजूंना विखुरतो म्हणून रंग फिका वाटतो. पाणी त्या खळग्यांत भरतं, वरची बाजू सपाट होते, रंग दिसायला लागतात. पॉलिश करायचं म्हणजे ते खळगे इतके बारीक करायचे की पाण्याची गरजच उरणार नाही. आणि त्यातून या कामाचा सगळ्यात महत्त्वाचा नियम निघतो: ओल्या दगडाकडे बघून कधीच ठरवू नका की चरे गेले. ओला असताना सगळेच दगड छान दिसतात. पुसा, वाळू द्या, मग बघा. खाली प्रत्येक टप्प्यावर मी हे परत परत सांगणार आहे कारण लोक नेमकं हेच करत नाहीत.

हा लेख मुख्यतः हाताने घासून पॉलिश करण्याबद्दल आहे, मशीनबद्दल शेवटी थोडं आहे, आणि लेप मारण्याबद्दलही.

## टप्पा १: दगड निवडणे (इथेच अर्धे लोक चुकतात)

सगळे दगड चमकत नाहीत. चमकायला दगड कडक पाहिजे, आतून घट्ट पाहिजे, आणि सगळीकडे सारखाच कडक पाहिजे.

आपल्याकडे यासाठी नशीब चांगलं आहे. महाराष्ट्राचा बहुतेक भाग बेसॉल्टचा, म्हणजे आपल्या काळ्या पाषाणाचा, आणि त्या खडकातल्या पोकळ्यांमध्ये अकीक (पट्ट्यापट्ट्यांचा, थोडा आरपार उजेड जाणारा), चॅल्सिडोनी (तसाच, पण बिनपट्ट्यांचा), जॅस्पर (लाल-पिवळा, उजेड न जाणारा), गारगोटी तयार झालेली असते. बेसॉल्ट झिजून जातो पण हे दगड टिकतात, म्हणून गोदावरी, प्रवरा, भीमा अशा नद्यांच्या गोट्यांमध्ये ते मिळतात. या सगळ्यांची कडकपणाची पातळी मोहज् मापावर (खनिजांचा कडकपणा १ ते १० मध्ये सांगणारं माप) साधारण ६.५ ते ७. पॉलिशला सगळ्यात उत्तम हेच.

बाकीच्यांचं थोडक्यात:

- काळा बेसॉल्ट: भरीव आणि बारीक कणांचा असेल तर बरी चमक घेतो, गडद काळा होतो. पण भोकाभोकांचा असेल किंवा आत पांढरे ठिपके असतील तर सोडून द्या. ते ठिपके बहुतेक वेळा मऊ खनिजांचे असतात, घासताना आधी झिजतात किंवा निसटून पडतात आणि तिथे खड्डा राहतो.
- जांभा: चमकत नाही. कितीही घासा, चिऱ्याचा नुसता लाल चिखल होतो.
- झिओलाइट आणि त्यांच्यासोबत सापडणारे स्फटिक, म्हणजे नाशिक, जळगाव, पुण्याकडे मिळणारे स्टिल्बाइट, अपोफिलाइट वगैरे: यांना हात लावू नका. मऊ असतात, पापुद्र्यात फुटतात, आणि त्यांची चमक जन्मतःच असते. घासलं की आहे ती पण गेली.
- संगमरवर आणि चुनखडी: चमकतात, पण कडकपणा फक्त ३ च्या आसपास, त्यामुळे पद्धत थोडी वेगळी, पुढे सांगतो.

चाचणी १, चाकूची. जुन्या स्टीलच्या चाकूचं टोक दगडावर जोरात ओढा, मग ओलं बोट फिरवून बघा. नुसती राखाडी रेघ उमटली आणि ती घासून निघाली तर चाकूच झिजलाय, दगड कडक आहे. बोटाला खाच लागली आणि पांढरी भुकटी निघाली तर दगड मऊ.

चाचणी २, काचेची. दगडाची धार जुन्या बाटलीवर ओढा. काचेवर खरा ओरखडा उठला, पुसून जात नाही, तर चालेल.

चाचणी ३, पाण्याची. दगड पाण्यातून काढा आणि किती वेळात वाळतो बघा. अकीक, जॅस्परवरचं पाणी वरच्या वर वाळतं. दगडाने पाणी पिऊन घेतलं आणि बराच वेळ डाग राहिला तर तो सच्छिद्र आहे, पॉलिशच्या भानगडीत पडू नका.

चाचणी ४, भेगांची. ओला दगड पुसून अर्धवट वाळू द्या. भेगेत पाणी शेवटपर्यंत राहतं, त्यामुळे गडद रेघ दिसते. बारीक वरवरची असेल तर ठीक आहे, आरपार असेल तर दुसरा दगड घ्या, कारण त्या भेगेत जाड पेपरचे कण अडकून बसतात आणि शेवटच्या पॉलिशला बाहेर येतात.

> सावधान: नदीकाठी जॅस्पर किंवा चर्टचा (जॅस्परसारखाच कडक सिलिकाचा दगड) असा तुकडा मिळाला ज्याच्या कडेला ओळीने बारीक टवके उडवलेले आहेत, तर तो घासू नका. प्रवरेच्या काठी, नेवाशाकडे अश्मयुगीन हत्यारं याच दगडांची सापडलेली आहेत. तसंच सिरोंच्याकडचं दगड झालेलं लाकूड, अभयारण्यातले, किल्ल्यावरचे, देवळाच्या आवारातले दगड उचलायचे नाहीत. नदीतले साधे गोटे भरपूर आहेत.

पहिल्यांदा करताय तर अंड्याएवढा, एक बाजू आधीच बऱ्यापैकी सपाट असलेला, भोकं नसलेला जॅस्पर घ्या. आणि पूर्ण गोटा चमकवायच्या मागे लागू नका, एकच बाजू करा. चौफेर गोल गोटा हाताने करणं म्हणजे पाचपट काम आहे आणि पहिल्याच वेळी लोक तिथेच कंटाळून सोडतात.

## टप्पा २: सामान आणि जागा

हे सगळं आधी जमवा. मधेच एखादा नंबर नाही म्हणून पुढचा वापरला की सगळं बिघडतं.

घासायला: वॉटर पेपर, म्हणजे गाडीच्या पेंटिंगच्या सामानाच्या दुकानात मिळतो तो काळा, सिलिकॉन कार्बाइडचा, पाण्यात चालणारा. सुताराकडचा पिवळा-तपकिरी पेपर नको, तो पाण्यात विरघळतो आणि अकीकला काही करत पण नाही. नंबर: ८०, १२०, २२०, ४००, ६००, १०००, १५००, २०००, ३०००. नंबर जितका लहान तितका पेपर जाड. ८० आणि १२० चे जास्त शीट घ्या, ते पटापट बोथट होतात.

त्याहून चांगला मार्ग म्हणजे ग्रॅनाइटवाले वापरतात ते डायमंड पॅड. ५०, १००, २००, ४००, ८००, १५००, ३००० असा सेट येतो, मागे वेल्क्रो असतो, तो लाकडाच्या ठोकळ्याला चिकटवून हातानेच वापरता येतो. अकीकसारख्या कडक दगडाला पेपरपेक्षा पॅडने वेळ खूप वाचतो. पण पेपरचे आणि पॅडचे नंबर तंतोतंत जुळत नाहीत, पॅडवरून पेपरवर आलात तर एक नंबर मागे येऊन सुरू करा.

खाली धरायला: फरशीचा किंवा कडप्प्याचा सपाट तुकडा. त्यावर पाणी टाकून पेपर ठेवला की पेपर चिकटून बसतो. गोलसर बाजू असेल तर जुन्या स्लीपरच्या रबराचा तुकडा, त्याला पेपर गुंडाळायचा.

शेवटच्या पॉलिशला: सिरियम ऑक्साइडची पावडर. काचेवरचे ओरखडे घालवायला वापरतात तीच, आणि हौशी दुर्बीणवाले आरसा पॉलिश करायला वापरतात ती पण हीच. सोबत जाड चामड्याचा तुकडा, जुन्या पट्ट्याची आतली खरखरीत बाजू चालते, किंवा नमदा (दाबून केलेलं लोकरीचं जाड कापड, फेल्ट).

बाकी: दोन टब, जुने टूथब्रश (जाड कामाचा वेगळा, बारीक कामाचा वेगळा), भांडी घासायचा लिक्विड साबण, पेन्सिल, पातळ मार्कर, सुती फडकी, झिपच्या पिशव्या, आणि एक १० पट दाखवणारं भिंग. भिंग नसेल तर मोबाईलचा कॅमेरा झूम करून चालवा.

झिपच्या पिशव्या कशाला? प्रत्येक नंबरचा पेपर वेगळ्या पिशवीत, वर नंबर लिहून. ८० चा एक कण २००० च्या पेपरवर येऊन बसला की तुमची संध्याकाळ गेली.

> सावधान, हे गंभीर आहे: कोरडं घासायचं नाही. कधीच नाही. अकीक, गारगोटी, जॅस्पर हे सगळे सिलिकाचे दगड आहेत, त्यांची धूळ फुफ्फुसात जाऊन सिलिकोसिस होतो आणि तो बरा होत नाही. गुजरातेत खंभातला अकीकाचा धंदा पिढ्यान् पिढ्यांचा आहे आणि तिथल्या घासणाऱ्या कामगारांमध्ये हा आजार मोठ्या प्रमाणावर सापडलेला आहे. पाणी सतत असू द्या. सांडलेला लगदा वाळायच्या आत ओल्या फडक्याने पुसा, झाडूने झाडू नका. नुसता मास्क लावून कोरडा ग्राइंडर फिरवणे हा पर्याय नाही. आणि विजेचा ग्राइंडर हातात धरून त्यावर पाणी सोडणे तर अजिबातच नको.

जागा बाल्कनीत किंवा मागच्या दारी करा. स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये नको, कारण पुढे सांगतो.

## टप्पा ३: धुणे आणि तपासणी

दगड साबणाच्या पाण्यात रात्रभर ठेवा, सकाळी ब्रशने घासा, भेगांतली माती टाचणीने काढा. लवकर वाळावा म्हणून गॅसवर तापवू नका, आत अडकलेल्या पाण्याची वाफ होऊन दगड तडकू शकतो. सावलीत वाळू द्या.

मार्बल-फरशीवाले ऑक्झॅलिक ॲसिड वापरतात, कोणीतरी तुम्हाला ते सांगेलच. ते विषारी आहे, आणि जॅस्पर किंवा अकीकला त्याने चमक येत नाही. घरात लहान मुलं असतील तर आणूच नका.

आता कुठली बाजू करायची ते ठरवा. दगड ओला करून फिरवून बघा, जिथे पट्टे किंवा रंग सगळ्यात छान दिसतात ती बाजू. अख्ख्या कामात ओला दगड बघून निर्णय घ्यायची ही एकमेव वेळ.

## टप्पा ४: ८० नंबर, म्हणजे खरं काम

एकूण वेळापैकी निम्म्याहून जास्त वेळ इथेच जायला पाहिजे. जॅस्परची अंड्याएवढ्या दगडाची एक बाजू हाताने ८० च्या पेपरवर करायला एक-दीड तास सहज लागतो, खड्डे खोल असतील तर त्याहून जास्त. जर तुम्ही दहा मिनिटात १२० वर गेलात तर काहीतरी राहिलंय असं खुशाल समजा.

१. वाळलेल्या दगडावर पेन्सिलने जाळी काढा, आडव्या-उभ्या रेघा. खड्ड्यांत मार्करने ठिपके द्या.

२. फरशीवर पाणी, त्यावर पेपर, पेपरवर परत पाणी. दगड धरून एकाच दिशेने मागे-पुढे घासा. गोल-गोल फिरवू नका, पुढे चरे ओळखायला दिशा लागते.

३. दाब मध्यम, पण हात समान. सगळे नकळत अंगठ्याकडे जास्त दाब देतात आणि बाजू तिरकी होते. थोड्या थोड्या वेळाने दगड हातात अर्धा फिरवा.

४. पाणी घालत रहा. पेपरवर तयार होणारा लगदा आंबोळीच्या पिठाएवढा दाट झाला की धुवून टाका. दाट लगद्यात दगड नुसता घसरतो, कापला जात नाही.

५. आवाज ऐका. पेपर नवा असताना खर्रखर्र आवाज येतो, बोथट झाला की गुळगुळीत सर्रसर्र. आवाज बदलला की नवा तुकडा घ्या, तिथे काटकसर करू नका.

६. सपाट बाजू जिथे संपते ती धार आत्ताच थोडी मारून घ्या, चारही बाजूंनी तिरकी. ही पायरी बहुतेक लोक विसरतात. धारदार कड पुढच्या टप्प्यात टवक्याने उडते, आणि तो टवका पेपर आणि दगडाच्या मधे फिरून सगळ्या पृष्ठभागावर ओरखडे पाडतो.

तपासणी: धुवा, पुसा, पूर्ण वाळू द्या. पेन्सिलची एकही रेघ नको, मार्करचा एकही ठिपका नको. खिडकीजवळ तिरका धरून बघा, सगळीकडे एकाच दिशेचे, सारखेच चरे दिसले पाहिजेत. कुठे नैसर्गिक सालीचा चकाकता किंवा वेगळ्या रंगाचा डाग दिसला तर तिथे पेपर पोचलेलाच नाही. परत जाळी काढा, परत घासा.

एखादा खड्डा इतका खोल असेल की तो काढायला निम्मा दगड घासावा लागेल, तर तो राहू द्या, पण आत्ताच ठरवा. तो १००० नंबरला जाईल अशी आशा ठेवू नका, जाणार नाही. १००० चा पेपर खड्डा काढत नाही, खड्ड्याच्या कडा चमकवतो, त्यामुळे तो उलट जास्तच दिसतो.

## टप्पा ५: धुणे (हाच टप्पा दर नंबरनंतर परत येतो)

याला वेगळा टप्पा मुद्दाम दिलाय. दर नंबर बदलताना:

दगड पहिल्या टबात साबण लावून ब्रशने घासा, भेगांत, धारेवर, मागच्या बाजूला पण. दुसऱ्या टबातल्या स्वच्छ पाण्यात बुडवा. फरशी धुवा. हात धुवा, नखांखाली पण ब्रश फिरवा, तिथे कण हमखास असतात. फडकं बदला. आधीचा पेपर पिशवीत. टबातलं पाणी बदला.

> सावधान: टबातला गाळ मोरीत, बेसिनमध्ये, न्हाणीच्या जाळीत ओतू नका. पाइपच्या वळणात बसून सिमेंटसारखा घट्ट होतो आणि प्लंबरला पाइप कापावा लागतो. बादलीत रात्रभर ठेवा, वरचं नितळ पाणी झाडाच्या मातीत सोडा, खालचा गाळ ओला असतानाच पिशवीत बांधून कचऱ्यात टाका.

## टप्पा ६: १२०, २२०, ४००, ६००

पद्धत तीच, फक्त प्रत्येक नंबरला घासायची दिशा ९० अंशात बदला. ८० उभं घासलं असेल तर १२० आडवं, २२० परत उभं. म्हणजे आडव्या चऱ्यांमध्ये एक जरी उभा चरा दिसला तर तो मागच्या नंबरचा राहिलेला, लगेच कळतं. सगळे उभे चरे गेले की तिथे थांबू नका, अजून तेवढाच वेळ घासा, कारण चरा दिसेनासा होणं आणि त्याचा तळ निघून जाणं यात फरक आहे.

नंबर गाळू नका. ८० वरून एकदम ४०० वर उडी मारली तर ४०० चा पेपर ८० चे चरे काढू शकत नाही, फक्त त्यांच्या वरच्या कडा गुळगुळीत करतो. हाताला गुळगुळीत लागतं म्हणून माणूस फसतो, पुढे पुढे जातो, आणि शेवटी सिरियम लावल्यावर चमकणाऱ्या पृष्ठभागावर लांब लांब रेघा उभ्या राहतात. बहुतेक लोक त्या रेघा बघून पॉलिश पावडरला नावं ठेवतात. पावडरचा काही दोष नसतो, ते ८० चे किंवा १२० चे चरे असतात.

तपासणी, २२० नंतर: वाळलेला दगड भिंगातून. इथे जो खोल चरा दिसेल त्यासाठी १२० वर परत जा. वैताग येतो, पण २००० वरून परत येण्यापेक्षा स्वस्त पडतं.

तपासणी, ६०० नंतर: वाळलेला पृष्ठभाग एकसारखा मंद दिसला पाहिजे, मधे चकाकते किंवा पांढुरके पट्टे नकोत. डोळ्याच्या पातळीला आडवा धरून ट्यूबलाइटकडे बघा, हलकी झळाळी दिसायला लागते.

दगडात मऊ आणि कडक असे पट्टे असतील तर इथे मऊ भाग खाली बसायला लागतो, बोटाला लाटा जाणवतात. त्यावर उपाय म्हणजे पेपर कायम कडक फरशीवर ठेवणे, स्लीपरचं रबर वापरू नका, आणि दाब कमी करून नवा पेपर वापरणे. मऊ आधारावर मऊ भाग अजून जोरात झिजतो.

## टप्पा ७: १००० ते ३०००

हा भाग सोपा आहे. आधीचं नीट झालं असेल तर प्रत्येक नंबरला दहा-पंधरा मिनिटं पुरतात. पेपरवरच्या पाण्यात साबणाचा एक थेंब टाका, दगड चिकटत नाही. दाब निम्मा करा. दिशा बदलत रहा.

इथे धोका फक्त घाणीचा. बाहेर वारा सुटला असेल, शेजारी कोणी टाइल कापत असेल, तर त्या दिवशी करू नका.

तपासणी, ३००० नंतर: वाळलेल्या दगडात सरळ वरून ट्यूबलाइट दिसली पाहिजे, कडा थोड्या पुसट असल्या तरी चालेल. दिसतच नसेल तर पॉलिशला जाऊ नका. सिरियमने ती दिसायला लागणार नाही.

## टप्पा ८: सिरियमचं पॉलिश

चामडं लाकडी ठोकळ्यावर ताणून बसवा, चांगलं ओलं करून पिळल्यासारखं दमट ठेवा. सिरियम ऑक्साइड पाण्यात कालवून पातळ पेस्ट करा, बोटाने चामड्यावर थोडीशीच लावा. ढीग लावून जास्त चमक येत नाही.

आता दाब द्या, आधीच्या टप्प्यांपेक्षा जास्त, आणि छोट्या हालचालींनी घासा. सुरुवातीला दगड घसरत राहतो आणि काही होत नाहीये असं वाटतं. मग पेस्टमधलं पाणी कमी होतं आणि एका क्षणी चामडं दगडाला धरायला लागतं, हाताला ओढ जाणवते, बारीक चुरचुर आवाज येतो. चमक येते ती त्याच वेळी. ती ओढ लागल्यावर अर्धा-एक मिनिट घासा, पूर्ण कोरडं पडायच्या आधी पाण्याचे दोन थेंब टाका, परत ओढ येईपर्यंत घासा. लोक काय करतात, ओढ लागली की घाबरून भरपूर पाणी ओततात, परत घसरण सुरू, आणि तासभर घासून पण पृष्ठभाग दुधट राहतो.

ड्रिलला नमद्याची चकती लावून करत असाल तर बॅटरीवरचा ड्रिल घ्या, स्पीड कमी ठेवा आणि दगड गालाला लावून बघा. कोमटपेक्षा गरम लागला तर थांबा. उष्णतेने अकीकमध्ये आतून भेगा पडतात.

संगमरवर असेल तर सिरियमऐवजी टिन ऑक्साइड वापरा, दाब हलका ठेवा, आणि सुरुवात ८० ऐवजी २२० ने करा, मऊ दगडात ८० चे चरे फार खोल जातात. लिंबू, व्हिनेगर त्याच्या आसपास सुद्धा नको, चमक जागेवर मरते.

शेवटची तपासणी: साबणाने धुवा, सिरियमची गुलाबी-पांढरी पेस्ट भेगांतून ब्रशने काढा, वाळवा. रात्रभर तसाच ठेवा. सकाळी पूर्ण वाळलेल्या दगडाजवळ वर्तमानपत्र धरा. मथळ्याची अक्षरं दगडात वाचता आली, कडा स्वच्छ दिसल्या, तर झालं. नसेल तर हे बघा:

- सगळीकडे सारखा दुधट: ओढ लागेपर्यंत घासलेलं नाही. फक्त टप्पा ८ परत करा.
- लांब सरळ रेघा: ८० ते २२० मधलं काहीतरी राहिलंय. रेघेची दिशा बघा, कुठला नंबर कुठल्या दिशेने घासला होता ते आठवेल, तिथून परत.
- इकडे तिकडे वळणारे एक-दोन ओरखडे: घाण आली. चामडं टाकून द्या, धुवून उपयोग नाही. १००० पासून परत.
- मध्यभाग चमकतो, कडा नाही: पृष्ठभाग सपाट नव्हता. ८० वर परत, दुसरा इलाज नाही.

## पूर्ण गोटे चमकवायचे असतील तर: टम्बलर

चौफेर गुळगुळीत, नर्मदेच्या गोट्यासारखे बरेच दगड एकदम करायचे तर टम्बलर लागतो, म्हणजे मोटारीवर हळू फिरणारा रबरी डबा. त्यात क्रम असा: जाड ६०/९० नंबरची कार्बोरंडम (म्हणजे सिलिकॉन कार्बाइडच) पावडर, मग १२०/२२०, मग ५००, मग पॉलिश पावडर. प्रत्येकाला साधारण आठवडाभर, रात्रंदिवस. जाड टप्प्याला दगड गोल होईपर्यंत दोन-तीन आठवडे पण लागू शकतात.

डबा दोन-तृतीयांश ते तीन-चतुर्थांश भरा, कमी भरला तर दगड आपटून फुटतात, जास्त भरला तर हलतच नाहीत. लहान-मोठे दगड एकत्र घ्या पण कडकपणा सगळ्यांचा सारखाच हवा, अकीकमध्ये एक मऊ दगड टाकलात तर त्याचा चिखल होणार. जाड पावडर एक किलो दगडाला साधारण चार मोठे चमचे, पाणी वरच्या दगडांच्या थोडं खाली. दिवसातून एकदा झाकण उघडा, आत कधी कधी गॅस तयार होतो आणि झाकण उडून सगळा लगदा भिंतीवर येतो. टप्पा बदलताना फुटलेले, भोक पडलेले दगड बाहेर काढा, बाकीचे आणि डबा टप्पा ५ प्रमाणेच धुवा. शेवटी पॉलिश झाल्यावर साध्या साबणाचा कीस टाकून काही तास फिरवा, चिकटलेली पावडर निघते.

आवाज भरपूर येतो, फ्लॅटमध्ये असाल तर शेजाऱ्यांची भिंत सोडून ठेवा.

## आणि लेप मारायचाच असेल तर

जांभा, वाळूचा दगड, भोकांचा बेसॉल्ट, बागेतले मोठे गोटे, यांच्यासाठी लेप हाच मार्ग आहे, त्यात काही कमीपणा नाही. फक्त अकीक किंवा जॅस्परवर लेप मारू नका, खाली जे निघालं असतं ते झाकून टाकता तुम्ही.

१. दगड धुवून दोन-तीन दिवस कडक उन्हात वाळवा. पावसाळ्यात हे काम करू नका. आत ओल राहिली की लेपाखाली पांढरे ढग दिसतात आणि ते नंतर निघत नाहीत.

२. हार्डवेअरच्या दुकानात दगडी भिंतीसाठी मिळतो तो पारदर्शक स्टोन सीलर घ्या. घरातल्या शोभेच्या दगडाला स्प्रे लॅकर चालतो. इपॉक्सी उन्हात ठेवायच्या दगडाला नको, पिवळा पडतो.

३. पातळ दोन हात, मधे डब्यावर लिहिलेला वेळ पूर्ण थांबून. एक जाड हात मारला की खाली ओघळ येतात आणि खड्ड्यांत थेंब साचतात. दारं-खिडक्या उघड्या ठेवा, जवळ गॅस किंवा दिवा नको.

माशांच्या टाकीत ठेवायच्या दगडाला कसलाच लेप नको. पायवाटेच्या फरशीला पण नको, पावसात पाय घसरतो. पूजेतल्या दगडाला रोज पाणी-दूध पडत असेल तर लॅकर पांढरा पडून सुटतो, तो नुसता स्वच्छ धुवून कोरडा पुसत जा. तेल लावून काही दिवस रंग खुलतो खरा, पण धूळ चिकटते आणि नंतर कधी पॉलिश करावंसं वाटलं तर आत मुरलेलं तेल काढता काढता नाकी नऊ येतात.